दोन चाकं आणि एक वर्तुळ

मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या कटरखाली जॉब (कापायचा तुकडा) टेबलासकट सरकवणाऱ्या मशीनवर, सरळ काप घ्यायला हँडव्हील (टेबल सरकवायचं हातचाक) पुरतं. अडतं ते गोलाईला. वर्तुळ काढायचं तर टेबल आडवं आणि उभं सरकवणारी दोन्ही चाकं एकदम, आणि तीही सतत बदलत्या प्रमाणात फिरवावी लागतात. भल्याभल्यांच्या हातांना हे जमत नाही. संगणक मशीनवर आला तो मुळात यासाठी.

१९४० च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात होते. पात्याच्या कडेवरचे २०० बिंदू पंचकार्डाच्या यंत्रावर काढायचे, मग एकाने आकडे वाचायचे आणि दोघांनी एकेक चाक धरून टेबल त्या बिंदूवर आणायचं. म्हणजे कंट्रोलर, मशीनला हुकूम देणारा, होताच, फक्त तो तीन माणसांचा होता! १९५२ मध्ये एमआयटीने पंचटेपवर (भोकं पाडलेल्या पट्टीवर) चालणारं तीन अक्षांचं, म्हणजे तीन दिशांना सरकणारं, मिलिंग मशीन दाखवलं. त्याच्या कंट्रोलरमध्ये २५० व्हॅक्यूम ट्यूब आणि १७५ रिले होते. घरच्या वर्कशॉपात हे येणं शक्यच नव्हतं. हौशी मंडळींनी गोलाईसाठी रोटरी टेबल (जॉब गोल फिरवणारं टेबल) वापरून पुढची कित्येक वर्षं काढली.

स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) आणि घरगुती पीसी आल्यावर चित्र पालटलं. अमेरिकन सरकारच्या निस्ट संस्थेने सर्वांसाठी खुलं केलेलं ईएमसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर आज लिनक्ससीएनसी म्हणून चालतं. २००९ मध्ये आलेल्या जीआरबीएल या प्रोग्रॅममुळे तर आर्डुइनोसारखा साधा छोटा सर्किट बोर्डही जी-कोड (मशीनला द्यायच्या हुकुमांची भाषा) वाचू लागला.

खरी पंचाईत चाकाच्या फिरण्याने टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची. चाक उलटं फिरवलं की डायलवर दोन-चार रेघा सरकतात, टेबल मात्र जागचं हलत नाही. स्क्रू आणि नटमधली ही ढिलाई म्हणजे बॅकलॅश. हाताने काम करणारा आकड्याच्या मागे जाऊन नेहमी एकाच बाजूने आकड्यावर येतो, की प्रश्न मिटला. स्टेपरला यातलं काही कळत नाही. वर्तुळात प्रत्येक अक्ष दोनदा दिशा बदलतो, म्हणून जॉबवर चार ठिकाणी बारीक पायरी उमटते. सॉफ्टवेअरमध्ये भरपाईचा आकडा टाकता येतो, पण क्लाइंब मिलिंगमध्ये (जॉब सरकतो त्याच दिशेने कटरचे दात कापतात तेव्हा) कटरच टेबलाला खेचतो, तिथे तो आकडा फोल.

म्हणून बॉलस्क्रू (नटमध्ये छोट्या गोळ्यांवर फिरणारा स्क्रू) बसवतात. बॅकलॅश जवळजवळ जातो, पण स्क्रू इतका हलका फिरतो की कटरच्या जोराने टेबल आपसूक सरकू शकतं. जुन्या स्क्रूचं घर्षण टेबल धरून ठेवायचं. आता ते काम मोटरचं. मोटर काढून नुसतं चाक परत लावलं, तर काप चालू असताना ते हाताने घट्ट धरून उभं राहायची तयारी ठेवा.