किनाऱ्याची हलती हद्द

समुद्रकाठच्या गावात किनाऱ्याकिनाऱ्याने पायी फिरायचे असेल, तर निघण्याची वेळ ओहोटीची धरावी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे आज पाणी ज्या वेळी सर्वांत खाली गेले, त्यापेक्षा उद्या ते साधारण ५० मिनिटे उशिरा जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. तेव्हा भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीही नेहमीपेक्षा खोल जाते, तर अष्टमीच्या सुमारास भांगात, म्हणजे उधाणाच्या उलट स्थितीत, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. नकाशावर एका रेघेने दाखवलेला किनारा प्रत्यक्षात एक रुंद पट्टा आहे, आणि त्याची पूर्ण रुंदी पाहायची असेल तर उधाणाच्या दिवसातली ओहोटी गाठायला हवी.

पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर पाऊल टेकताच त्याभोवतीची वाळू क्षणभर कोरडी आणि फिकट दिसते. वजन पडल्यावर पाणी वर यायला हवे, असे आपल्याला वाटते. घडते ते नेमके उलटे. याचा उलगडा ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये केला. घट्ट बसलेल्या कणांना जागेवरून हलायचे तर एकमेकांवरून सरकताना थोडे दूर व्हावेच लागते, त्यांच्यामधल्या पोकळ्या वाढतात आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या पोकळ्यांत ओढले जाते. वरच्या अंगाच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र कण सैल असल्याने पाय रुततो, आणि तेथे चालायला कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते.

वाटेत खडक लागले तर त्यांवरचे रंगांचे आडवे पट्टे थांबून पाहावेत. वरच्या पट्ट्यात चिकटून राहिलेले पांढरट, शंकूसारखे कवच बहुधा बार्नेकलचे असते. हा प्राणी शिंपल्यांचा नव्हे, तर खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक आहे. अळी अवस्थेत तो डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो आणि पुढे आयुष्यभर पायांनी पाणी ढवळून अन्न गोळा करतो. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून आठ वर्षे या प्राण्यांच्या अभ्यासाला दिली. असे प्राणी किती वर राहू शकतात, हे मुख्यतः ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, तर किती खाली राहू शकतात, हे भक्षक आणि जागेसाठी झगडणारे शेजारी ठरवतात. म्हणून खडकावरच्या या पट्ट्यांवरून तेथे पाणी साधारण कुठवर आणि किती वेळ असते, याचा अंदाज बांधता येतो.

पण किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची हालचाल वाळूची असते. लाटा सहसा किनाऱ्यावर तिरप्या येतात. वर चढणारे पाणी वाळूचे कण तिरपे ढकलते आणि ओसरणारे पाणी त्यांना सरळ उताराने खाली आणते. अशा नागमोडी वाटेने वाळू किनाऱ्याला समांतर सतत पुढे सरकत राहते. वादळी हंगामात मोठ्या लाटा पुळणीवरची (किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यावरची) वाळू खेचून समुद्रात थोड्या अंतरावर तिचे दांडे तयार करतात, आणि शांत हंगामात बरीचशी वाळू पुन्हा वर येते. गावाने फिरण्यासाठी, रस्त्यासाठी किंवा घरांच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत याच हलत्या पट्ट्यात उभी राहिली, की गणित बिघडते. पुळण उतरती आणि सच्छिद्र असल्याने लाटेची शक्ती हळूहळू जिरवते. उभी भिंत मात्र ती परतवते, आणि परतणारे पाणी पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंतीमागे अडकलेली वाळूही पुळणीला मिळेनाशी होते. भिंत जेथे संपते, तेथे धूप अनेकदा अधिकच वाढते. किनाऱ्यापासून काटकोनात समुद्रात घातलेला बांध एका बाजूला वाळू साठवतो आणि दुसरी बाजू उपाशी ठेवतो. माझ्या मते, भिंतीचा खर्च मोजताना तिच्या पुढची नाहीशी होणारी पुळण आणि शेजारच्या किनाऱ्याचे नुकसान हेही मोजायलाच हवे. जेथे जागा शिल्लक आहे, तेथे वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या वेली-गवत राखणे हेच अधिक शहाणपणाचे.

भिंत ओलांडून गावात शिरले, तरी समुद्राचा प्रभाव संपत नाही. फुटणाऱ्या लाटांतले बुडबुडे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतात आणि दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे ते आत नेतात. लोखंडावर साचलेले मीठ हवेतली आर्द्रता शोषून त्यावर ओलाव्याचा थर टिकवते, म्हणून किनाऱ्याजवळचे गज आणि बिजागऱ्या लवकर गंजतात. मिठातले क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्याच्या दाबाने काँक्रीट आतून तडकते. किनाऱ्यापासून दूर जावे तसे मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते, त्यामुळे समुद्राच्या अगदी समोरच्या इमारतींमध्ये सळ्यांवर काँक्रीटचे अधिक जाड आवरण ठेवावे लागते.