ज्वारी : अवर्षणातील चाऱ्यासाठी वाणसुधारणा

पाणी कमी पडले तरी जनावरांना पुरेशी, पचणारी आणि निर्धोक वैरण मिळावी, या हेतूने ज्वारीच्या वाणांची निवड आणि संकर करण्याचे काम. महाराष्ट्रात त्याचा मुख्य संबंध रब्बी ज्वारीच्या कडब्याशी येतो. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यात हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ते काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसात दाणा भरू लागतो, नेमकी तेव्हाच ती ओल संपत आलेली असते.

ठाणे जिल्हा भाताचा. इथे ज्वारी जवळजवळ पेरलीच जात नाही. तरी भिवंडी-कल्याणकडच्या म्हशींच्या तबेल्यांना हा विषय जवळचा आहे. भाताचा पेंढा आणि शहापूर-मुरबाडचे डोंगरी गवत पोट भरते, पण दुभत्या म्हशीला तेवढ्यावर भागत नाही. त्यामुळे घाटावरचा कडबा, बहुधा कुट्टी होऊन, खाली येतो. घाटावर पाऊस हुकला की शेतकरी पेंड्या आपल्याच गुरांसाठी राखतो, आणि कोकणात धो धो पाऊस पडला असला तरी तबेल्यात वैरण महागते.

कडब्याची पारख जुनी आणि चोख आहे. जाणकार पेंडीतले एक ताट मोडून पाहतो. गर भरीव व गोडसर आणि पाने शाबूत असली की माल चांगला. गर विरून धागे सुटले असतील आणि आत काळे ठिपके दिसत असतील, तर खडखड्या हा ताट पोखरणारा बुरशीजन्य रोग ओळखावा. ओल तुटलेल्या पिकावर तो हटकून येतो. म्हैस पाने आधी संपवते आणि जाड बुडखे गव्हाणीत सोडते. हैदराबादच्या चारा बाजारात झालेल्या अभ्यासात महाग विकला जाणारा कडबा प्रयोगशाळेतही अधिक पचनीय ठरला.

संशोधनाने मात्र चाऱ्याकडे बराच काळ दुय्यम म्हणून पाहिले. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या भारतीय संकरित ज्वारीने खरिपात धान्य वाढवले. झाड बुटके असल्याने कडबा कमी पडला. रब्बीत शेतकऱ्यांनी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी (एम-३५-१) सोडली नाही. भाकरी आणि कडबा दोन्ही देणारे वाण टाकायचे कशासाठी, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. पुढे राहुरी व परभणीच्या कृषी विद्यापीठांनी फुले वसुधा, परभणी मोती यांसारखे वाण दिले, तेव्हा धान्यासोबत कडब्याचाही विचार झाला.

दुष्काळात सर्वांत मोलाचा गुण म्हणजे दाणा भरत असताना पाने हिरवी राहणे. अशा झाडाची पाने उशिरा करपतात, त्यांतले नत्र टिकून राहते, ताट सहसा लोळत नाही आणि कडबा पचनाला बरा होतो. मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेली बी-३५ ही ओळ (पैदाशीसाठी राखलेला शुद्ध वंश) या गुणाचा प्रसिद्ध स्रोत आहे. तिच्यातील या गुणाचे जनुकखंड हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत भारतीय व आफ्रिकी वाणांत उतरवले गेले. संकरानंतर मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून जनुकचिन्हांच्या (हवा तो खंड रोपात आला की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएतील खुणांच्या) आधारे रोपे निवडतात. परिणाम सगळीकडे सारखा मिळत नाही. ज्या वाणात खंड घातला, त्याच्या बाकीच्या जनुकांवर बरेच अवलंबून असते.

यात एक अडचण आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन हे द्रव्य असते आणि जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे सायनाइडचे विष तयार होते. पाण्याअभावी खुरटलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात धुरीन वाढते. गुरांना यातून होणाऱ्या विषबाधेला ‘किरळ लागणे’ म्हणतात. जनावर तासाभरातही दगावू शकते. हिरवेपणा टिकवणाऱ्या काही ओळींत धुरीनही जास्त आढळले आहे, म्हणून दोन्ही गुण एकत्र तपासावेच लागतात. ऑस्ट्रेलियात रासायनिक उत्परिवर्तनातून (रसायनाने जनुकांत घडवलेल्या बदलातून) सायनाइड न बनवणारी ज्वारीही मिळवली गेली आहे. शेतावरचा उपाय मात्र साधाच आहे: हिरवी वैरण फुलोऱ्यावर आल्यावर कापावी आणि खुरटलेल्या पिकात गुरे सोडू नयेत.

पानाची मधली शीर तपकिरी असलेल्या वाणांत लिग्निन हे ताट कडक करणारे, न पचणारे द्रव्य कमी असते, त्यामुळे ती वैरण अधिक पचते. पण अशी ताटे नाजूक असतात व वाऱ्याने लोळू शकतात. म्हणून हा गुण कडब्यापेक्षा हिरव्या चाऱ्याच्या वाणांत अधिक वापरला जातो.