पट्टी निघाली म्हणजे नाक झालं?

'आठवड्यात पट्टी निघते, मग काय, झालं नाक!' सौंदर्यासाठी नाकाची शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या घरी हे हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. साधारण सातव्या दिवशी निघते ती फक्त बाहेरची पट्टी. आतलं हाड अजून पुरतं जुळलेलं नसतं. म्हणून काही आठवडे जड चष्मा नाकावर टेकवायचा नाही, सुरुवातीला नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. उशी उंच, सिगारेट बंद. धुरामुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम रेंगाळते. ॲस्पिरिनसारखी गोळी मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

सूज मात्र खरी चिवट. बरीचशी महिन्याभरात उतरते, पण शेंड्याची, विशेषतः जाड त्वचेत, वर्षभरही राहू शकते. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर रडणं, किंवा फोटो टाकून मिरवणं, दोन्ही घाईचंच. दुरुस्तीची शस्त्रक्रियाही सर्जन सहसा वर्षभर थांबूनच करतात.

नंतरच्या काळजीचं महत्त्व जुनंच आहे: सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेद ग्रंथातही नाक जोडल्यावर नाकपुड्यांत नळ्या घालून, कापसाने झाकून वर तिळाचं तेल शिंपडायला सांगितलंय. ताप, वाढती वेदना किंवा न थांबणारं रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा.