ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणजे धोका टळला?

घरात कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलं, हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड झाल्याचं (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी) कळलं, की बाकीचे लॅब गाठतात. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या रक्ताच्या चाचण्या नॉर्मल आल्या की ‘आपण सुटलो’ असा निरोप ग्रुपवर फिरतो. हा समज चुकीचा आहे.

ट्रोपोनिन स्नायूला इजा झाल्याचं सांगतं, एनटी-प्रोबीएनपी हृदयावरचा ताण. आजार किती पुढे गेलाय, हार्ट फेल्युअरकडे झुकतोय का, याचा अंदाज त्यांतून येतो. तेवढ्यापुरत्या त्या उपयोगीच. पण अचानक मृत्यू येतो तो बहुधा हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या बेफाम ठोक्यांमुळे, आणि ते कधी उसळतील हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

म्हणूनच अचानक मृत्यूचा धोका मोजणाऱ्या, युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या 2014 च्या जोखीम-सूत्रात रक्ताचा एकही आकडा नाही. त्यात वय, भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, रक्त बाहेर पडतानाचा अडथळा, कुटुंबातला अचानक मृत्यू, विनाकारण आलेली भोवळ आणि होल्टरवर (दिवसभर ठोके टिपणाऱ्या यंत्रावर) दिसलेले वेगवान ठोके पाहतात. एमआरआयवरचे व्रणही आता विचारात घेतात.

जनुक चाचणीही रक्ताचीच. मात्र तिने दोष कुणाकडे आला एवढंच कळतं. त्यामुळे आईवडील, भावंडं, मुलं यांनी आधी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा, तोही काही वर्षांनी पुन्हा पुन्हा, कारण जाडी उशिराही वाढते. बेशुद्ध पडणं मात्र ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून सोडू नये.