फाइल अपलोड: १९९५ पासून चालत आलेली व्यवस्था

वेब अ‍ॅपमध्ये अपलोडचा कंपोनंट बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या निर्णयांतून आल्या आहेत. ते निर्णय का घेतले हे माहीत असलं, की चूक लवकर सापडते.

सुरुवातीला फॉर्ममधून फक्त मजकूर जात असे. अक्षर किंवा अंक नसलेला जवळजवळ प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स (सोळाच्या पायाचे) अंक असा लिहिला जाई, म्हणजे एका बाइटचे तीन होत. फोटोसारखी फाइल अशी पाठवली तर सुमारे अडीच पट फुगते. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सच्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात यावर तोड काढली: इनपुटचा ‘फाइल’ हा प्रकार आणि ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ ही मांडणी. ईमेलच्या जोडपत्रांची पद्धतच त्यांनी इथे आणली. प्रत्येक फील्डचा वेगळा भाग, त्याचे स्वतःचे हेडर, आणि दोन भागांमध्ये बाउंड्री नावाची खुणेची ओळ. फाइलचे बाइट जसेच्या तसे जातात.

ही बाउंड्री ब्राउझर दर वेळी स्वतः तयार करतो आणि कंटेंट-टाइप हेडरमध्ये लिहितो. फेच या विनंती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनला फॉर्मडेटा (फॉर्मची फील्डं आणि फाइली धरणारा ऑब्जेक्ट) देऊन वर ते हेडर हाताने लिहिलं, की बाउंड्री गळते, सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत आणि फाइल पोहोचलीच नाही असं दिसतं. ती ओळ काढून टाकणं हाच उपाय.

पानावरच्या स्क्रिप्टला फाइल निवडू देणं धोक्याचं, म्हणून या इनपुटची व्हॅल्यू कोडमधून भरता येत नाही, फक्त रिकामी करता येते. रिकामी करावीच, नाहीतर तीच फाइल पुन्हा निवडल्यावर चेंज इव्हेंट (निवड बदलल्याची सूचना) येत नाही.

पुढची अनेक वर्षं प्रगतीपट्टी हवी तर लपवलेली आयफ्रेम नाहीतर फ्लॅशचं बटण वापरावं लागे. निवडलेली फाइल स्क्रिप्टला वाचू देणाऱ्या फाइल एपीआयचा पहिला मसुदा नोव्हेंबर २००९ चा. जानेवारी २०१० मध्ये तो फायरफॉक्स ३.६ मध्ये आला, आणि त्यानंतर फॉर्मडेटा व ड्रॅग-ड्रॉप रुळले. अपलोड किती टक्के झालं हे सगळ्या ब्राउझरांत खात्रीने दाखवायचं तर आजही एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ही विनंती पाठवण्याची जुनी पद्धतच घ्यावी. फेचचा त्यासाठी भरवसा नाही.

सर्व्हरच्या मर्यादा मात्र लहान फाइलींच्या काळातल्याच राहिल्या. पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स मुळात १ एमबी स्वीकारतो, त्यामागची सर्व्हरवरची भाषा पीएचपी एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण विनंतीला ८ एमबी. दीड एमबीचा फोटो पीएचपीपर्यंत पोहोचतच नाही, एनजिनएक्स ४१३ (विनंती फार मोठी) हा एरर कोड देऊन परत पाठवतो. एनजिनएक्सची मर्यादा वाढवली आणि ८ एमबी ओलांडले तर फॉर्मचा डेटा धरणारे पीएचपीचे पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात, आणि कोड ‘नाव भरा’ असा दिशाभूल करणारा संदेश देतो. म्हणून मर्यादा बाहेरून आत वाढवाव्यात. एनजिनएक्सची सर्वांत मोठी.

सुरक्षेचा सर्वांत बोलका दाखला जेक्वेरी फाइल अपलोड या लोकप्रिय प्लगइनचा. अपलोडच्या फोल्डरमधली पीएचपी चालू नये, ही जबाबदारी त्याने फोल्डरपुरते सर्व्हरचे नियम लिहिलेल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलवर सोडली होती. २०१० मध्ये अपाचे या वेब सर्व्हरच्या २.३.९ आवृत्तीपासून अशा फाइली मुळातच दुर्लक्षित होऊ लागल्या. संरक्षण गेलं, कोड तसाच राहिला, आणि हे सर्वांसमोर आलं २०१८ मध्ये. त्यामुळे फाइली वेबरूटच्या (वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा, नाव सर्व्हरने द्यावं, आणि प्रकार फाइलच्या सुरुवातीच्या बाइटवरून तपासा. ब्राउझर जो प्रकार सांगतो, तो बहुधा एक्स्टेन्शनवरून काढलेला असतो.

मोठ्या फाइलींनी आता अ‍ॅपचा सर्व्हरच टाळला आहे. अ‍ॅमेझॉन एस३ सारख्या क्लाउडमधल्या फाइल-साठ्यासाठी सर्व्हर फक्त सही केलेली (थोड्या वेळापुरती परवानगी देणारी) यूआरएल देतो आणि ब्राउझर एका पुट विनंतीत फाइल थेट पाठवतो. तिथे मल्टिपार्टचं वेष्टण लागतच नाही. एस३ वर फाइलचे तुकडे करून पाठवायची सोयही आहे: शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबी, जास्तीत जास्त १०,००० तुकडे. अपलोड अर्धवट सुटलं तर पोहोचलेले तुकडे साठ्यात तसेच पडून राहतात आणि त्यांचं बिल चालू राहतं, म्हणून ठरावीक दिवसांनी ते काढून टाकणारा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावावा.