नैरोबी–जोहान्सबर्ग : चार तासांच्या उड्डाणामागचा इतिहास

नैरोबी ते जोहान्सबर्ग हवाई अंतर साधारण 2,900 किलोमीटर. थेट विमान चार तासांत, फार तर वीस-पंचवीस मिनिटे जास्त घेऊन पोचते. 1932 मध्ये लंडन–केपटाउन विमानसेवा सुरू झाली तेव्हा ही दोन्ही शहरे तिच्या वाटेवरचे थांबे होती आणि लंडनहून केपटाउन गाठायला दहा-अकरा दिवस लागत. पुढे जेट विमाने आली, वेळ तासांवर आला.

खरा गुंता 1963 चा. त्या मे महिन्यात अदिस अबाबाला जमलेल्या स्वतंत्र आफ्रिकी देशांनी ठरवले, की वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपले आकाश बंद. मग एकेका देशाने ते अमलात आणले. बंदी जोहान्सबर्गवर नव्हती, विमानाच्या नोंदणीवर होती. त्यामुळे ब्रिटिश विमान नैरोबीत इंधन भरून पुढे जोहान्सबर्गला जायचे, आणि दक्षिण आफ्रिकेत नोंदलेल्या विमानाला तोच मार्ग बंद. यावरून ‘ही बंदी नुसती दिखाऊ होती’ असे म्हणणारे आजही भेटतात. इंधनाचा हिशेब पाहिला तर हे म्हणणे टिकत नाही.

जोहान्सबर्गचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटरवर आहे. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना पुरेशी उचल मिळायला जास्त वेग लागतो, म्हणून तिथली मोठी धावपट्टी 4.4 किलोमीटरची. उन्हाळ्यातल्या दुपारी तर तीही तोकडी पडते आणि उड्डाणाचे वजन कमी करावे लागते. सरळ वाटेवर नैरोबी किंवा खार्टूमला इंधन घेता येई, म्हणून निघताना टाकी पूर्ण भरायची गरज नसे. ती सोय गेली. विमाने पश्चिम किनाऱ्याच्या बाहेरून, आधी लुआंडा आणि पुढे केप व्हर्देमधल्या साल बेटावर थांबत युरोपला जाऊ लागली. साल मार्गे लंडन दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब पडते. जादा इंधन भरायचे तर तेवढे प्रवासी किंवा माल खाली ठेवायचा. 1976 मध्ये दक्षिण आफ्रिकेने नेहमीच्या बोइंग 747 पेक्षा सुमारे 14 मीटर आखूड, पण लांब पल्ल्याचे 747SP मुद्दाम घेतले, ते याच वळशापायी.

मुंबईहून एडनमार्गे नैरोबीची सेवा 1950 मध्येच सुरू झाली होती. पण भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नसे, त्यामुळे पुढचे चार तास आपल्याकडच्या प्रवाशाला बंदच.

1990 नंतर आकाश मोकळे झाले. 1999 मध्ये आफ्रिकी देशांनी आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो शहरात घेतलेल्या निर्णयाने आपसातली उड्डाणे खुली करायची ठरवली, तरी परवानग्यांची अडवणूक बराच काळ चालली. जानेवारी 2023 पासून केनियाच्या नागरिकांना दक्षिण आफ्रिकेत 90 दिवसांपर्यंत व्हिसाची गरज उरली नाही. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मात्र लागते. लस प्रवासाला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर प्रमाणपत्र हातात असूनही ग्राह्य धरत नाहीत.

वेळापत्रक वाचताना नैरोबीचे घड्याळ एक तास पुढे धरावे. जाताना चार तासांचे उड्डाण कागदावर तीनच तासांचे दिसते, येताना पाचाचे. जोडविमान पकडणाऱ्यांची फसगत येतानाच होते.