एलडी सर्टिफिकेट काढायचंय? आधी रद्दीवाल्याला थांबवा

दहावीच्या मुलाची आई जानेवारीत येऊन विचारते, मॅडम, एलडीचं सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल हो? (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं-गणित अडणं.) पेपर तोंडावर आलेले असतात आणि हॉस्पिटलच्या रांगेत अजून नंबरसुद्धा लावलेला नसतो. दरवर्षी एखादी तरी आई अशी येतेच, म्हणून लिहितेय.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणजेच एलडी आहे. म्हणजे परीक्षेतली सवलत हा मुलाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. राज्य बोर्डात दहावी-बारावीला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिक, कॅल्क्युलेटर वगैरे. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्ग्राफिया (लिहिण्याची) की डिस्कॅल्क्युलिया (गणिताची), दाखल्यावर काय लिहिलंय त्यावर काय मिळणार ते ठरतं.

दाखला सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलचाच लागतो. मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून, बाकी जिल्ह्यांत सिव्हिलमध्ये चौकशी करा. प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट कितीही जाड असला तरी तो दाखला नव्हे, यात लोकांचे हजारो रुपये जातात. डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या टेस्ट, एका खेपेत काही होत नाही. बुद्ध्यांक ८५ च्या खाली आला तर एलडीचा दाखला मिळत नाही, मुलाला मदत लागते हे खरंच असतं पण तो रस्ता वेगळा.

कागदांत आधार, जन्मदाखला, प्रगतिपुस्तकं हे सगळ्यांकडे असतं (आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे ना ते आजच बघा). अडतं ते जुन्या वह्यांपाशी. अहो, मे महिन्यात सगळं रद्दीत! माझ्याकडच्या एका मुलाची तिसरीची वही आजीने चुकून ठेवलेली, त्यात 'शाळा' सलग चार वेळा 'शळा', जोडाक्षर आलं की गाळलेलं आणि फळ्यावरचं उतरवताना अर्ध्या ओळीत थांबलेलं. त्या एका वहीने जे सांगितलं ते प्रगतिपुस्तकातल्या 'क' श्रेणीने सांगितलं नसतं. म्हणून तिसरीपासून दरवर्षीची निदान एक वही ठेवाच.

दुसरं शाळेचं पत्र. मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा हे ठीक, पण आत 'विद्यार्थी लक्ष देत नाही, आळशी आहे' एवढंच लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, त्याचा डॉक्टरांना काय उपयोग? तोंडी उत्तर येतं पण लिहिता येत नाही, वाचताना ओळ सुटते, असं वर्गात जे दिसतं ते लिहून मागा. टेस्ट मराठीत होईल का तेही नंबर लावतानाच विचारा, मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत तपासून काय कळणार डोंबल. डाली नावाची डिस्लेक्सियाची तपासणी मराठीतसुद्धा आहे, तिच्यातला शिक्षकांनी वर्गात भरायचा भाग पहिली ते पाचवीसाठी आहे. पण शिक्षकांना ते माहीत असेल तर ना!

आणि सगळ्यात जास्त घोळ तारखेचा. केंद्राच्या नियमांप्रमाणे दाखला मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो, १४ व्या वर्षी पुन्हा टेस्ट, १८ व्या वर्षी पुन्हा, आणि तो १८ चा मग कायमचा. पाचवीत काढून लॅमिनेट केलेला दाखला दहावीत चालेल असं समजून लोक निवांत बसतात. मूल आठवी-नववीत असतानाच पुन्हा नंबर लावा. बोर्डाच्या फॉर्मची शेवटची तारीख म्हणजे सवलतीची तारीख नव्हे, सवलतीचा प्रस्ताव शाळेकडून विभागीय मंडळाला वेगळा जातो आणि 'पाठवला' म्हणाले तरी पोच मागा, फोटो काढून ठेवा.

यूडीआयडी कार्डचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, त्यात विशेष काही नाही.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. दहावीचे पेपर चालू असताना नववीच्या मुलांचे क्लास आणि शाळा चालूच असतात, म्हणून शेजारच्या मुलीला दिवाळीतच विचारून ठेवा, आणि तिच्या आईलाही.